एके वेळी एकच गाडी

पर्यटकांना जमवायला बाईंनी लाल छत्री उंच धरली आणि दुसऱ्या हाताने गळ्याकडे बोट दाखवलं. सकाळपासून आवाज पार बसला होता. एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच जुन्या पुलाची कथा त्यांना दुसऱ्याच्या तोंडून ऐकायची होती.

चष्मेवाला गाइड पुढे झाला. कुठे थांबायचं, कुठे सूर खाली आणायचा, सगळं त्याला तोंडपाठ. गळा बदलला, पद तेच. पाथरवटाने पूल पुरा केला त्याच दिवशी त्याची लेक नदीत गेली, आणि त्याने पुलाच्या तोंडाशी ही शिळा कोरली : ‘लेकी, आता तूच या पाण्याची राखण कर.’ पर्यटकांतल्या दोघींनी डोळे पुसले. बाईंचेही भरून आले. अजूनही येत असत, खोटं कशाला बोला.

तेवढ्यात एक वृद्ध गृहस्थ गर्दीतून पुढे आले. त्यांनी शिळा रुमालाने पुसली.

“जुनी लिपी शिकवण्यात उभा जन्म गेला माझा,” अक्षरांवरून बोट फिरवत ते म्हणाले. “पण यात लेक कुठंय हो? हे स्वच्छ लिहिलंय : ‘एके वेळी एकच गाडी न्यावी. गुरे मागाहून.’”

कुणीतरी फिसकन हसलं.

छत्री आपोआप खाली आली. हेच शब्द. अगदी हेच! तीन वर्षांपूर्वी इथेच, लोकांदेखत, बाईंची भाची हेच म्हणाली होती. “दीडशहाणी!” म्हणत बाईंनी तिला त्याच दिवशी कामावरून काढलं होतं. सख्ख्या बहिणीशी बोलणं तुटलं ते तेव्हापासून.

त्यांनी चष्मेवाल्याकडे पाहिलं. तो बुटांकडे बघत होता. बसचा ड्रायव्हर नदीकडे. नवल कुणालाच वाटलं नव्हतं.

“माहीत होतं?” नुसता वारा बाहेर पडला.

“ताईने, तुमच्या भाचीने, तेव्हाच वाचून दाखवलं होतं. सगळ्यांना,” चष्मेवाला पुटपुटला.

“मग?”

“मग काय, बाई?” ड्रायव्हर हळूच म्हणाला. “तिची गत बघितली की आम्ही. तुम्ही गायचं, आम्ही री ओढायची. दुसरं काम कुठं ठेवलं होतंत?”

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

बाई कठड्याला टेकल्या. भाचीचा नंबर लावला, फोनचा स्पीकर चालू केला.

“हॅलो? ...मावशी? काय झालं? बोल ना!”

बाईंनी सगळा जीव घशात आणला.

“शिळेवर... काय लिहिलंय... सांग.”



“मावशी, समोर लोक आहेत का?”

बाईंनी छत्री मिटून काखेत मारली आणि फोन धरलेला हात उंच केला.