डाव्या पायाखालचा पुठ्ठा

फिटरचे कान कारखान्यानेच खाल्ले होते. तीस वर्षं प्रेस मशीनशेजारी उभा राहिलेला माणूस. निवृत्तीच्या दिवशी भाषणं झाली, त्यातलं त्याला अर्धंही कळलं नाही. आणि अशा माणसाने डोक्यात काय घेतलं, तर स्वतःच्या हाताने लंबकाचं घड्याळ करायचं.

मागच्या खोलीत जुनं लेथ मशीन आलं. पितळी चाकांचा एकेक दात कानशीने घासता घासता सहा वर्षं गेली. हात त्याचे सोन्याचे, त्यात वाद नाही. पण असल्या घड्याळाची टकटक सारख्या अंतराने पडावी लागते. एक टक लांब आणि एक आखूड पडली की समजायचं, घड्याळ सरळ उभं नाही, थोड्या वेळात बंद पडणार. आता हे ऐकायचं कुणी? बायकोने. गॅसवरचं दूध तसंच टाकून ती यायची, डोळे मिटून उभी राहायची.

"लंगडतंय," ती ओरडून सांगायची. तो घड्याळाच्या डाव्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी सरकवायचा.

"आता?"

"आता नीट."

किती दुधं उतू गेली, ती कुणी मोजली नाहीत.

घड्याळ पुरं झालं तसं फिटरने भाऊबंद आणि जुने सोबती बोलावले, घड्याळ उचलून पुढच्या खोलीत मांडलं. तिची इच्छा एवढीच होती, की चारचौघांत त्याने एकदा म्हणावं, हिचा कान नसता तर हे झालं नसतं.

"एवढं सगळं केलंस तरी कसं?" थोरल्या दिरांनी ओरडून विचारलं.

"एकट्याने," फिटर म्हणाला. अंगावर मूठभर मांस चढलं होतं त्याच्या. "हिला यातलं ओ की ठो कळत नाही. हिचं खातं चहाचं."

सगळे हसले. तीही हसली. हातात ट्रे होता, करते काय बिचारी.

त्याने लंबकाला झोका दिला आणि सवयीने तिच्याकडे पाहिलं. या खोलीतली फरशी उतरती होती. घड्याळ चक्क लंगडत होतं. तिने मान डोलावली. नीट आहे.

वीस मिनिटांत घड्याळ बंद पडलं. "असू दे, हौसेला मोल नसतं," थोरले दीर म्हणाले आणि चपला शोधायला लागले.

दुसऱ्या दिवशी फिटरने घड्याळ खोललं. कुठला तरी दात चुकलाय म्हणत तो चांगल्याभल्या चाकांवर कानस चालवू लागला. एकदा जरी त्याने "अगं, ऐक जरा" म्हटलं असतं, तर तिने सगळं सांगून टाकलं असतं. तीन दिवस त्याने हाक मारली नाही.

चौथ्या दिवशी ती दारात उभी राहिली.

"दातांत काही खोट नव्हती हो," ती म्हणाली. "पुठ्ठा घालायचा राहिला होता."

बोलली ती साध्या आवाजात. त्याची पाठ तिच्याकडे होती. कानस चालूच राहिली, पितळेचा चुरा खाली पडत राहिला. ओरडल्याशिवाय त्याला ऐकू जात नाही, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

ती स्वयंपाकघरात परतली आणि दुधापाशी उभी राहिली. दूध वर आलं तसा तिने गॅस बंद केला. थेंबही सांडला नाही.