परक्या फौजेतला संघदीप

संघदीप इंग्रजांच्या फौजेत लागला, ही गोष्ट यवतमाळकडच्या नेरमध्ये कोणालाच खरी वाटेना. त्याच्या बापाला, नागोरावला, तर नाहीच नाही.

"बाबा, नोकरी लागली," पोरगा फोनवर म्हणाला होता. "फौजेत."

"कोणाच्या फौजेत?"

"इथल्याच. राणीच्या."

नागोराव हसलाच. आपल्याकडच्या भरतीला पोरगा दोनदा जाऊन आला होता. धावण्यात सगळ्यांच्या पुढे, पण छाती मोजायची वेळ आली की बाहेर. मग हॉटेलचं शिकायला म्हणून इंग्लंडला गेला, तर तिथलं कॉलेज वर्षभरात बंद पडलं. परत यायची लाज वाटत होती. तिथल्या पायदळात बाहेरदेशची पोरंही घेत होते, हा गेला. धावला, आणि घेतला त्यांनी.

"इंग्रज तर गेले ना गा?" देवसिंग म्हणाला. नागोराव चालवायचा त्या एस.टी.वरचा तो कंडक्टर. "मंग आपला पोट्टा त्यायच्या मागं कायले गेला?"

तरी पोराचा वर्दीतला फोटो नागोरावने मोबाइलमध्ये ठेवला आणि डेपोत दाखवला, एकेकाला बोलावून.

पुढच्या वर्षी संघदीपला अफगाणिस्तानात पाठवलं, आणि नागोरावचं चित्त थाऱ्यावर राहिना. घरी बसला की उठायचा, उठला की दारापर्यंत जाऊन परत यायचा. बायकोने, इंदूबाईने, भाकर वाढली की अर्धी खाऊन हात धुवायचा. गाडीवर तर विचारू नका. थांब्यावर म्हातारीचा एक पाय खाली, एक पाय पायरीवर, आणि हा गिअर टाकून मोकळा.

"घंटी मी मारतो नागोराव, तू नाई!" देवसिंग ओरडायचा. "कुठी जायचं हाये तुले एवढ्या घाईनं?"

संघदीपचा फोन कधी यायचा, कधी पंधरा-पंधरा दिवस नाही. आला की आवाज तुटत तुटत यायचा. तो कधी लढाईचं बोलला नाही. उन्हाचं बोलायचा. "आपल्यासारखंच ऊन हाये आई, फक्त पळसाचं झाड नाई कुठीच."

ज्या दिवशी ते घडलं त्या दिवशी गाडी यवतमाळच्या वाटेवर होती, खचाखच भरलेली. नागोरावचा मोबाइल वाजला. चालवताना तो घेत नसे, म्हणून देवसिंगने घेतला. पलीकडून इंदूबाई बोलत होती. देवसिंग ऐकत राहिला. मग फोन खिशात ठेवून त्याने तिकिटं फाडायचं थांबवलं आणि तो ड्रायव्हरच्या मागे येऊन उभा राहिला.

"कोण होतं?" नागोरावने विचारलं.

"वहिनी. गाडी बाजूले घे."

"सांग ना गा."

"घरी मोठ्या गाडीतून साहेब लोक आले म्हणे. गोरे हायेत."

नागोरावने गाडी बाजूला घेतली नाही. "प्रवाशी यवतमाळले सोडतो, मंग येतो," एवढंच बोलला. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा त्याने गाडी सावकाश चालवली. प्रत्येक थांब्यावर थांबला, प्रत्येकाला उतरू दिलं. देवसिंग त्याच्या मागेच उभा होता. त्याचा एक हात सीटच्या पाठीवर होता.

घरी पोचला तेव्हा अंगणात शेजारपाजार जमला होता. साहेबांसोबत मुंबईची एक बाई होती, मराठी सांगायला आलेली. ती हात जोडून म्हणाली, "आपले चिरंजीव..."

"चिरंजीव नका म्हणू बाई," नागोराव म्हणाला. "त्याचं नाव संघदीप हाये."

बाईने मान खाली घातली आणि मग नाव घेऊनच सगळं सांगितलं. गस्तीवर पायी जाताना जमिनीत पुरलेला बॉम्ब फुटला होता. जागीच गेला. इंदूबाई भिंतीला टेकून ऐकत होती. धाकटी मुलगी प्रियंका तिला धरून होती.

पेटी विमानाने नागपूरला आली आणि तिथून नेरला. पेटीवर त्यांचा झेंडा होता. तो पाहून गल्लीत कुजबुज सुरू झाली. शहीद म्हणायचं की नाही? आपला तिरंगा काहून नाही? एका पुढाऱ्याने फलक छापायला टाकला होता, मग झेंडा कोणता छापावा यावर अडला आणि स्वतःही आलाच नाही. सोबत आलेल्या सैनिकांनी झेंडा घडी करून इंदूबाईच्या हातात दिला. तिने तो प्रियंकाकडे दिला आणि पेटीवर पांढरी चादर पसरली. पेटी उघडता येणार नाही, असं आधीच सांगितलं होतं. तिने फक्त तळहात ठेवला, आणि भंतेजींचं त्रिशरण संपेपर्यंत उचलला नाही.

त्या सैनिकांत जोसेफ नावाचा एक काळासावळा, उंचापुरा पोरगा होता, आफ्रिकेतल्या घाना देशातला. तोही असाच परक्या फौजेत गेलेला, संघदीपच्याच तुकडीतला. एका वार्ताहराने त्याला गाठलं. "कोणाला वाचवताना गेला तो?"

मुंबईच्या बाईने विचारलं आणि उत्तर सांगितलं. "कोणालाच नाही. आम्ही नुसते चालत होतो. पुढच्या दोघांनीही नेमकं तिथेच पाऊल टाकलं होतं. फुटला तो त्याच्या पायाखाली."

वार्ताहराने पेन खिशात घातलं. नागोरावला मात्र त्या पोराचा आधार वाटला. त्याने खोटं सांगितलं नव्हतं.

राख सावडून झाल्यावरही नागोरावला घरात थांबवेना. तो दारव्हा रोडने निघाला, तर जोसेफ न बोलावता सोबत चालू लागला. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. कपाशीच्या शेतांपाशी नागोराव एकाएकी रस्त्याच्या मधोमध उभा राहिला. पुढे जाववेना, मागे फिरवेना.

जोसेफने त्याचा दंड धरला. "चाल बे," तो म्हणाला.

नागोरावने चमकून पाहिलं. पोराने छातीवर हात ठेवला. "संघदीप," तो म्हणाला. "एव्हरी मॉर्निंग. चाल बे."

तेव्हा कुठे नागोराव रडला. तिथेच, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांसमोर.

जोसेफ गेला, पण रविवारी त्याचा फोन यायला लागला. इंदूबाई वऱ्हाडीत बोलायची, तो इंग्रजीत. प्रियंका मधे बसून जमेल तेवढं समजावून सांगायची. "जेवला काय रे?" हे आता त्याला तिच्या मदतीशिवाय समजायचं.

संक्रांतीच्या सुमाराला एका रविवारी प्रियंकाने ऐकता ऐकता फोन कानाला घट्ट लावला.

"काय म्हणते तो?" इंदूबाईने विचारलं.

"त्याले पुन्हा तिकडंच पाठवून राह्यले, आई. पुढच्या महिन्यात."

नागोराव खाटेवरून उठला. दारापर्यंत गेला. परत आला.

इंदूबाईने पदराने तोंड पुसलं आणि प्रियंकाजवळ सरकली. "त्याले विचार, माय हाये काय त्याची, त्याच्या गावी?"

प्रियंकाने विचारलं. आहे, तो म्हणाला.

"मंग तिचा नंबर दे म्हणा मले," इंदूबाई म्हणाली.