समितीसाठी एक नाव

हिरामण बोऱ्हाडेला कीर्तनाचं वेड होतं, आणि ते त्याने कधी लपवलंही नाही. बदलापूरच्या औद्योगिक वसाहतीत त्याची पत्र्याची शेड होती. तिथे पितळी पट्टीतून चेनचे रनर निघायचे. पँटच्या चेनला वरखाली ओढायचा जो तुकडा असतो, तो रनर. प्रेस दणादण आपटत असायची आणि हिरामण त्या आपटण्यावर मनातल्या मनात टाळ धरायचा. कामावरच्या बायकांत सगळ्यांत जुनी रखमा. ती म्हणायची, "दादा, तुमचा इठोबा या मशिनीतच बसलाय. देवलात कशाला जाताव?" तो हसायचा. "रखमा, इथं तो काम करतो गं. तिथं जरा निवांत भेटतो."

चौऱ्याण्णव साल होतं. दिल्लीने दारं उघडली होती आणि बाहेरची चेन आत येऊ लागली होती. अजून तिच्यावर आयातीची जकात होती, म्हणून हिरामणची प्रेस चालत होती. ती जकात काढायची की ठेवायची, हे ठरवण्याआधी सरकार एक सल्लागार समिती नेमणार होतं. मुंबईहून उद्योग खात्याचे शिरोडकर साहेब कुळगावच्या लघुउद्योजक मंडळात येऊन सांगून गेले, "उल्हासनगर ते बदलापूर या पट्ट्यातून एक माणूस घ्यायचाय. नाव तुम्हीच सुचवा. पण एकमताने हवं, आणि माणूस समोर उभा राहून 'हो' म्हणाला पाहिजे. मागाहून वाद नकोत."

मंडळाचा चिटणीस हिरामण. माणूस शोधायचं काम त्याच्याकडे आलं. समितीचं ऐकायचं की नाही ही सरकारची मर्जी होती. पण ऐकलं तर समितीचंच ऐकणार, एवढं त्याला कळत होतं. तिथे प्रेस चालवणारा कुणी बसला नाही, तर शेडला कुलूप लागणार होतं, आणि रखमासकट सगळ्या बायका घरी बसणार होत्या.

आधी तो उल्हासनगरला गेला. परसोमल त्याचं सगळ्यांत जुनं गिऱ्हाईक. जीन्स शिवायचा कारखाना, गल्लीभर निळ्या कापडाचे ढीग, आणि त्या ढिगांमधून वाट काढत चहा यायचा. हिरामणने समितीचं सांगितलं तसा परसोमल पोट धरून हसला.

"अरे भाऊ, मुझे तो सस्ती चेन चाहिए! जकात गयी तो सबसे पहले मैं नाचूंगा. तू मला तुझ्याच विरुद्ध साक्षीदार करतो काय?"

"शेठ, एवढी वर्षं माल घेतलात माझा."

"घेतला, और अच्छा माल लिया." परसोमलने बशी खाली ठेवली. आता तो हसत नव्हता. "साईं, मी खोटं नाय बोलणार. इसलिए मुझे मत भेज. ऐसा आदमी भेज जिसका खुद का घर जलता है."

तसा माणूस हिरामणला माहीत होता. आनंदा रोकडे. पूर्वी अंबरनाथच्या एका मोठ्या कंपनीत दोघे एकाच बाकावर प्रेसचे साचे, म्हणजे डाय, घासायचे. आनंदा नोकरी करता करता रात्रशाळेत डिप्लोमा झाला, पुढे त्याने स्वतःची शेड काढली, हिरामणच्या शेडपासून हाकेवर. बोलायला तिखट, इंग्रजीत पक्का, आणि समोर कुणी का असेना, मान खाली घालायची नाही ही त्याच्या घरची शिकवण. वडील छप्पन साली नागपूरला जाऊन धम्म घेऊन आलेले, तेव्हापासून घरातलं कुणी देवळात गेलेलं नव्हतं. शेडमध्ये बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो. खाली रोज ताजी फुलं.

"समिती?" आनंदाने हात पुसले. "दिल्लीला चहा प्यायला बोलावतात आणि सही घेऊन पाठवतात. नको, महाराज." कीर्तनाच्या वेडापायी तो हिरामणला महाराजच म्हणायचा.

"म्हणून तर तू पाहिजेस. तू चहा पिणार नाहीस."

"पिईन. पण सही करणार नाही." आनंदा हसला आणि मग प्रेसखालचा पितळेचा एक तुकडा उचलला. "फक्त बाहेरच्या पितळेचा भाव आणि आपल्या पितळेचा भाव त्यांच्यापुढे मांडायला एक तास मिळाला ना, तरी पुष्कळ. कच्च्या मालावर जकात आणि तयार मालाला दार उघडं, हा कुठला न्याय? बरं. घाल माझं नाव. पण मला उभं करून तोंड फिरवू नका."

हिरामणला तिथेच नाचावंसं वाटलं. आता फक्त मंडळाची सभा आणि साहेबांसमोर एक 'हो'.

आणि इथे हिरामणच्या भाबडेपणाने घात केला. चैत्रातला सप्ताह जवळ आला होता. मंडळाचे निम्म्याहून जास्त कारखानदार कुळगावच्या विठ्ठल मंदिरात तेव्हा असतातच. मंडळाच्या खोलीचे पत्रे उचकटलेले, शाळेत परीक्षा. हिरामणने सभा देवळाच्या सभामंडपात ठेवली, दुपारची पंगत उठल्यावर. यात सोयीपेक्षाही त्याच्या मनात दुसरंच होतं. त्याला मनापासून वाटायचं, की पांडुरंगाच्या समोर कुणी खोटं बोलणार नाही. योग्य कोण असं विचारलं, की प्रत्येकाच्या तोंडून खरं तेच नाव येईल.

आनंदाला त्याने रस्त्यातच सांगितलं.

"देवळात?" आनंदा थांबला.

"सभामंडपात रे. बंदी आहे का कुणाला?"

"बंदी नाही हे मला माहीत आहे, महाराज." आनंदा सायकलच्या घंटीशी चाळा करत राहिला. "दुसरीकडे नाही जमणार? माझ्या शेडमध्ये घे. सतरंज्या टाकतो."

"साहेबांना कळवून झालंय. अरे, माझा देव काय, तुझा बुद्ध काय..."

"तुझ्या देवाशी माझं भांडण नाही," आनंदा म्हणाला, आणि पुढे काहीच बोलला नाही. ते गप्प राहणं हिरामणने होकार धरलं.

सभेच्या दिवशी ऊन रणरणत होतं. सप्ताहात वीणा रात्रंदिवस उभी असते. ती जमिनीला टेकवायची नाही. पहाऱ्याला एक माणूस ती गळ्यात घेऊन देवापुढे उभा राहतो, तोंडाने फक्त नाम घेतो, आणि दुसरा येऊन पाया पडून घेईपर्यंत ती सोडत नाही. त्या दुपारी पहारा हिरामणचा होता. सभेआधी पुढच्या पहाऱ्याचा बुधाजी येऊन वीणा घेणार होता. पण बुधाजी पंगतीत भाताचं पातेलं घेऊन अडकला, आणि सरकारी गाडी ठरल्या वेळेच्या आधीच देवळापुढे उभी राहिली. साहेबांना पुढे खोपोलीला जायचं होतं.

शिरोडकर साहेबांनी बूट काढले, दर्शन घेतलं. त्यांना बुक्का लावला, नारळ दिला, सतरंजीवर बसवलं. मंडळी भोवती बसली. हिरामण वीणा घेऊन गाभाऱ्यापाशी उभा. तिथून त्याला दारातलं सगळं दिसत होतं. चपलांच्या ढिगापलीकडे, उन्हात, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आनंदा उभा होता. हातात कागदांची पिशवी.

"हं, सांगा," साहेब म्हणाले. "कोणाचं नाव?"

एकमेकांकडे बघणं झालं. मग मंडळातल्या धोंडिबा सुताराने घसा खाकरला. "देवाच्या दारात बसलोय तर पहिला मान शंकररावांचा."

शंकरराव मंडळाचे अध्यक्ष. या पट्ट्यातली पहिली प्रेस त्यांची. ज्या मंडपात सगळे बसले होते, त्याचं छप्परही त्यांनीच घातलेलं. माणूस प्रेमळ, कुणाच्या लग्नाला आहेर चुकवला नाही. पण गेल्या दिवाळीपासून त्यांच्या प्रेस बंद होत्या आणि शेडमध्ये बाहेरच्या चेनची खोकी रचलेली होती. हे सगळ्यांना माहीत होतं. त्यातल्या कितीकांनी ती खोकी उतरवायला हात लावला होता.

"छे छे, मी म्हातारा माणूस," शंकरराव म्हणाले. "मला काय कळतंय?"

"तुम्हीच! तुमच्याशिवाय कोण?" चार आवाज एकदम उठले. जसे सप्ताहाच्या मानाच्या नारळासाठी उठतात, तसेच. तिथेही हेच व्हायचं: वडीलधाऱ्याने नको म्हणायचं, बाकीच्यांनी आग्रह करायचा. समितीची जागा म्हणजे मान, असं लोकांनी धरलं होतं, आणि मान वयाकडे जातो. देवापुढे कुणी खोटं बोललं नाही, पण देवापुढे कुणाला वाईट बोलवेना.

हिरामणच्या तोंडातलं नाम थांबलं. विणेकऱ्याने मध्ये बोलायचं नसतं. तो बोलला.

"साहेब, आनंदा रोकडे बाहेर उभे आहेत. माल करणारा माणूस तो. त्यांचं नाव मी मंडळात सांगितलं होतं."

सगळ्या माना आधी वीणेकडे वळल्या, मग दाराकडे.

"मग बोलवा की आत," साहेब म्हणाले.

"या ना, रोकडे! बाहेर काय उभे?" धोंडिबा ओरडला, अगदी आपुलकीने. बुधाजी भाताचे हात धुऊन नुकताच आला होता. तो बुक्क्याची वाटी घेऊन दाराशी गेला. आनंदाने हात जोडले आणि कपाळ मागे घेतलं.

"बुधाजीभाऊ, राग मानू नका. मी हे लावत नाही." मग त्याने आवाज चढवला. "साहेब, दोन पावलं बाहेर याल का? माझं पाच मिनिटांत सांगून होईल."

साहेबांनी आपल्या मोज्यांकडे पाहिलं, मांडीवरच्या नारळाकडे पाहिलं, समोर आलेल्या शिऱ्याच्या द्रोणाकडे पाहिलं.

"आम्ही काय खातो काय याला आत?" मागून कुणीतरी पुटपुटलं. "एवढा कसला ताठा?"

"असू द्या, असू द्या," शंकरराव म्हणाले. "ज्याची त्याची श्रद्धा. ते बाहेर, आपण आत. दोघेही आपलेच."

हे इतक्या मायेने बोललं गेलं, की पुटपुटणारेही माना डोलवू लागले. साहेबांनी घड्याळ पाहिलं. "एकमत पाहिजे होतं, ते झालेलं दिसतंय. रोकड्यांचं पुढच्या खेपेला बघू."

हिरामण दाराकडे चालू लागला. गळ्यात वीणा तशीच. मंडपाच्या कडेपर्यंत आला आणि पायरीवर त्याचा पाय अडला. वीणा देवापुढून हलवायची नसते. बुधाजी अजून वाटी धरून दारातच उभा होता, वीणा घ्यायचं त्याच्या ध्यानातच नव्हतं. हिरामणने वीणेच्या पट्ट्याला हात घातला, खाली ठेवण्यासाठी.

"महाराज!" आनंदा पलीकडून म्हणाला. "खाली ठेवू नकोस. जन्मभर बोलतील तुला." मग त्याने पिशवी सायकलच्या हँडलला अडकवली. "आणि त्याने आता होणार काय?"

तो गेला. गाडीही गेली. बुधाजी आला, दोघे एकमेकांच्या पाया पडले, वीणा त्याच्या गळ्यात गेली. हिरामणचे हात मोकळे झाले.

संध्याकाळच्या कीर्तनात बुवांनी देवळाच्या दाराशीच राहिलेल्या भक्ताचं आख्यान लावलं. आवाज असा, की खांबही गहिवरावेत. देव स्वतः उठून बाहेर गेला, त्या प्रसंगाला मंडपातला एकही डोळा कोरडा राहिला नाही. धोंडिबाने उपरण्याने तोंड पुसलं. शंकरराव हुंदके देत होते, आणि ते खरे हुंदके होते. कीर्तनात सगळ्यांत आधी रडणारा म्हणून हिरामण गावात प्रसिद्ध. त्या दिवशी तो खांबाला टेकून बसला आणि त्याला रडू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो आनंदाच्या शेडवर गेला. "माझी चूक झाली."

"तू वाईट केलं नाहीस रे," आनंदा मशीनला तेल घालत म्हणाला. "तेच तर. वाईट केलं असतंस तर तुझ्याशी भांडलो तरी असतो."

समितीची बैठक पावसाळ्यात झाली. शंकरराव दिल्लीहून शाल आणि पेढे घेऊन आले. सगळ्यांना बोलावून म्हणाले, फार मोठी माणसं होती, फार आदराने वागवलं. सगळं इंग्रजीत होतं, पण सूर चांगला होता. जकात उतरली. मग आणखी उतरली.

आनंदाने पुढच्या उन्हाळ्यात शेड विकली आणि वापीला कुणाच्या तरी कारखान्यात नोकरीला गेला. जाताना हिरामणच्या घरी आला, चहा घेतला, कीर्तनावरून एक चेष्टाही केली. देवळाचं नाव दोघांनी काढलं नाही. हिरामणची प्रेस त्यानंतर थोडे दिवस चालली. ती भंगारात टेम्पोवर चढली तेव्हा रखमा विचारत होती, "मंग आता आमचा काय, दादा?"

शंकररावांनीच दोघांना ठेवून घेतलं. "परके का आहात तुम्ही?" म्हणाले. हिरामण त्यांच्या गोदामात बाहेरची चेन तपासून घ्यायचा, रखमा खोकी बांधायची.

चैत्र आला. देवळाच्या कर्ण्यावरून टाळ ऐकू येऊ लागले. बुधाजी पहारे ठरवायला गोदामापर्यंत आला. "हिरामणभाऊ, दुपारचा पहारा तुमचाच ठेवू ना?"

"यंदा दुसऱ्याला दे."

"का वो? तब्येत?"

हिरामणने पुढचं खोकं ओढून घेतलं. बुधाजी जरा थांबला आणि निघून गेला. रखमाने एकदा हिरामणकडे बघितलं आणि दोरी दातात धरून गाठ मारली. हिरामणने खोक्यातून पुढची चेन काढली, उजेडात धरली, आणि रनर वर ओढला. कुठेही न अडखळता तो सरळ वरपर्यंत गेला. हिरामणने तो खाली आणला, चेन चांगल्या मालाच्या बाजूला टाकली आणि पुढची घेतली.