खाडीवरचा पूल

मंगलाबाईची लेक नूतन सुरतेतच दिलेली, पण खाडीपलीकडे. गच्चीवरून तिचं घर दिसायचं; जायचं म्हटलं तर मात्र ट्रकांच्या गर्दीतून लांबचा वळसा पडायचा. पंच्याण्णव साली खाडीवर पायी जाणाऱ्यांसाठी पूल झाला. तो खुला झाला त्या सकाळी मंगलाबाई अर्धा चहा तसाच ठेवून निघाली. आधी ती कठडा धरून जपून चालली, मग तिची पावलं भरभर पडू लागली. पुलाच्या मध्यावर समोरून नूतनच आली, कडेवर वर्षाचा लखन.

"माय, मी तुझ्याकडेच निघाले होते."

"मग फिर माघारी," नातवाला उचलून घेत मंगलाबाई म्हणाली. "आज तुझ्या हातची कळण्याची भाकरी खाईन. माझ्याकडे संध्याकाळी ये."

आणि नूतन खरंच संध्याकाळी आली, चालत.