अठरावं नाव

सतरावं नाव सांगून झालं आणि गुणाजी धुरी अडला. समोर ॲडव्होकेट दिघे पेन धरून थांबले होते. मुलुंडच्या त्या ऑफिसच्या खालीच पिठाची गिरणी होती, आणि तिच्या धडधडीने टेबलावरचा पेला हळूहळू कडेकडे सरकत होता. गुणाजीने तो मागे ढकलला.

सगळ्या घेणेकऱ्यांची नावं देऊन कोर्टाकडून कर्ज पुसून घ्यायचं, असा नादारीचा अर्ज करायचा म्हणजे तोंडाला काळं फासून घ्यायचं, अशा समजुतीने त्याने महिनाभर टाळाटाळ केली होती. भांडुपातली त्याची बेंजो पार्टी एके काळी जोरात होती. मग हौसेने कर्ज काढून नवे स्पीकर घेतले, आणि ऐन वरातीत जनरेटरने पेट घेतला. नवरदेव घोड्यावरून उडी टाकून पळाला, ते सांगताना गुणाजीला अजून हसू येई. हसून झालं की कर्ज आठवे. आता तर कोपऱ्यावरच्या पानवाल्यानेही उधारी बंद केली होती. पण पोटापाण्याचं हत्यार कायदा हिरावून घेत नाही, बेंजो तुमच्याकडेच राहील, असं दिघ्यांनी सांगितल्यापासून त्याचा जीव भांड्यात पडला होता.

"अजून कोण?" दिघ्यांनी विचारलं.

"सुंदराबाई. मासळीवाली. सहाशे रुपये. पण तिचं नाव घालू नका, साहेब."

गुणाजीचं म्हणणं सरळ होतं. बाकीच्यांनी व्याजात मुद्दल कधीच वसूल केलं होतं. सुंदराबाईने मात्र गणपतीच्या आदल्या दिवशी कमरेच्या बटव्यातून नोटा काढून दिल्या होत्या, कागद नाही की व्याज नाही. ते देणं कोर्टाने पुसलेलं त्याला चालणार नव्हतं. दिघे म्हणाले, अर्ज शपथेवर असतो, एकही घेणेकरी लपवता येणार नाही. अठरावं नाव लिहिलं गेलं.

कोर्टाची नोटीस पाहून ती घाबरायची, त्याआधी आपणच सांगावं म्हणून गुणाजी संध्याकाळी बाजारात गेला. सुंदराबाईने बांगडे साफ करता करता सगळं ऐकलं आणि एवढंच विचारलं, की नाव लिहिलं म्हणजे पैसे गेले का? कायद्याने गेले, पण मी देणार, असं तो म्हणाला. त्यावर तिने पुढचा बांगडा साफ करायला घेतला. दुसऱ्या दिवशी मात्र ती त्याच्याबरोबर मुलुंडला आली, मासळीची पाटी गिरणीच्या पायरीवर ठेवली, गिरणीवाल्याच्या आठ्यांकडे बघितलंही नाही आणि जिना चढली.

"माजं याच्याकडं काय येनं नाय," खुर्चीत बसायच्या आधीच तिने सांगून टाकलं. "ते पैसे मी गनपतीला दिले व्हते."

गुणाजी मध्ये बोलायला गेला, तर तिने हात आडवा केला. दिघ्यांनी तोच प्रश्न तीन तऱ्हांनी विचारला, तिने तिन्ही वेळा तेच उत्तर दिलं. शेवटी त्यांनी तसं कागदावर लिहून तिचा अंगठा घेतला आणि अठरावं नाव खोडलं.

जिना उतरताना गुणाजीची मान वर होईना. सतरा जणांच्या शिव्या त्याने पचवल्या होत्या, ही दया काही पचेना. जिला इतकी वर्षं मावशी म्हटलं तिनेच आपल्याला भिकाऱ्यांच्या रांगेत बसवलं, या विचाराने त्याचे डोळे भरून आले.

खाली सुंदराबाईने डोक्यावर चुंबळ ठेवली.

"शनवारी किती देशील?"

"कसले?"

"सहाशातले."

"अगं मावशी, आत्ता तर म्हणालीस, काही येणं नाही."

"त्या कागदावर नाव ऱ्हायलं असतं तर कोर्टानं पुसलं असतं. माजे पैसे मी का पुसू देऊ? तू देनारा मानूस हायस."

गुणाजीने नाक पुसलं आणि वीस म्हणाला. ती चाळीस म्हणाली. गिरणीवाला पिठाच्या भुवया उंचावून बाहेर डोकावेपर्यंत दोघं पायरीवर घासाघीस करत होते. दर शनिवारी पंचवीसवर ठरलं.

जाता जाता तिने पाटीतले दोन बांगडे कागदात गुंडाळून त्याच्या हातात दिले. आज खिशात काही नाही, असं तो घाईघाईने म्हणाला.

"मी मागितले?" सुंदराबाई पाटी उचलत म्हणाली. "ह्याचे येगळे. ध्यानात ठेव."