उजवीकडचे हँडल

मेकॅनिकने गोणपाटात गुंडाळलेली दोन्ही हँडले ताईच्या टेबलावर ठेवली आणि बॉम्ब ठेवल्यासारखा दोन पावले मागे सरकला.

“टाके उसवलेत,” तो म्हणाला.

“कुणाचे?”

“कुणाचे म्हणजे... तुमचेच, ताई.”

ताईने कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला. आजवर तिने शिवलेली कव्हरे झिजली होती, उन्हाने तडकली होती, एक तर उंदराने कुरतडले होते. पण टाका उसवला म्हणायची कुणाची छाती झाली नव्हती. त्यातून हे कव्हर चढवून दोन दिवससुद्धा झाले नव्हते. बोलणे तिच्या चांगलेच जिव्हारी लागले.

गावाबाहेरच्या फ्लाइंग क्लबची विमाने छोटी, दोन सीटची. प्रत्येक सीटपुढे एक हँडल, मोटारीच्या स्टिअरिंग चाकाचा वरचा तुकडा कापून टाकावा तसे, दोन शिंगांचे. दोन्ही आतून जोडलेली. एक हलले की दुसरेही हलते. पुढे ढकलले की विमान नाक खाली घालते, अंगाकडे ओढले की वर उचलते. त्या शिंगांवर चामडे शिवणे हे ताईचे काम. चामडे भिजवायचे, ताणून शिंगावर बसवायचे, दोन सुयांनी ओलेच शिवायचे आणि सावलीत वाळू द्यायचे. वाळताना ते आवळत जाते, आणि मग जन्माचे चिकटते.

“ओलंच नेलंस तू. मी म्हटलं होतं, थांब म्हणून.”

“तुमच्याच लेकीचं सोलो होतं काल, पहिल्यांदाच एकटीने उडायचं. ती खोळंबली असती.”

तेही खरे होते. घाई लेकीचीच होती आणि ताईने मान डोलावली होती. ओल्या चामड्यावर हात पडला तर कणकेवर उठावा तसा ठसा उठतो, एवढे मात्र बजावून सांगितले होते.

“शिकवणारे सर बेहद्द खूश आहेत पण,” मेकॅनिक दाराकडे बघत म्हणाला. “उतरताना शेवटच्या वळणावर वेग गेला तिचा. विमान गळालंच. आणि पोरीने काय केलं? समोर जमीन दिसत असताना नाक आणखी खाली घातलं. सर म्हणाले, भल्याभल्यांना होत नाही हे.”

“मला म्हणाली, मस्त झालं.”

“मग मस्तच झालं की.”

“आणि हे उजवं कशाला आणलंस? सीट रिकामी होती ना? याला कुणाचा हातसुद्धा लागला नसेल.”

“जोडी आहे म्हणून,” तो म्हणाला. मग जरा थांबून, “तेही एकदा बघा तुम्ही.”

ताईने चहाचे विचारले तर त्याला घाई होती. या माणसाने आजवर तिच्याकडच्या चहाला कधी नाही म्हटले नव्हते. एका कपावर तासभर गप्पा हाणणारा, उठ म्हटल्याशिवाय न उठणारा. तो गेला, जाताना दारही न लोटता गेला, आणि दुपारचे ऊन थेट टेबलापर्यंत आले.

ताईने डावे हँडल पुढ्यात घेतले. डावी सीट चालवणाऱ्याची; म्हणजे हे लेकीचे. दोन्ही शिंगांवरचे टाके उसवले होते, पण दोरा सडका नव्हता आणि गाठही सुटलेली नव्हती. चामडेच भोकापासून फाटले होते. तिने हँडल उलटे केले. मागच्या अंगाला बोटांचे ठसे होते, चार इकडे, चार तिकडे, खोल, नखांसकट. हँडल मागून बोटांनी कवटाळून कुणीतरी जिवाच्या आकांताने अंगाकडे ओढले होते. तळव्याच्या बाजूला, जिथे ढकलताना भार पडतो तिथे, काहीच नव्हते.

सर काहीही म्हणोत, लेकीने ढकलले नव्हते. ओढले होते.

असे ठसे तिने यापूर्वी एकदाच पाहिले होते.

या टेबलाच्या पलीकडच्या बाजूला तिचा धाकटा भाऊ बसायचा. डावी शिंगे ती शिवायची, उजवी तो. आयुष्यभर विमानांची हँडले शिवायची आणि विमानात बसायचे नाही, हे त्याला मान्य नव्हते. क्लबची शिलाई फुकट करून देतो, मला शिकवा, म्हणून त्याने सरांच्या मागे टुमणे लावले आणि शिकला. मग जेवताना ताटांची विमाने झाली आणि भाची त्याची विद्यार्थिनी झाली. विमानाचा वेग फार कमी झाला की ते पानासारखे गळते, तो तिला सांगायचा. जीव म्हणतो, ओढ, वर जा. ओढलंस की मेलीस. तेव्हा ढकलायचं. जमीन दिसत असली तरी ढकलायचं. लहानगी ताट पुढे ढकलायची आणि भाजी सांडायची, आणि ताई दोघांवर खेकसायची.

उतरतानाच्या त्याच शेवटच्या वळणावर तो विमानासकट पडला आणि गेला. चौकशीत इंजिनाचा दोष निघाला, सगळे हळहळले, आणि कुणीतरी भलेपणाने त्याच्या विमानाचे हँडल ताईला आणून दिले. आठवण म्हणून. त्याचेही चामडे पुरते वाळलेले नव्हते. तिने ते उलटे केले होते. मागच्या अंगाला चार आणि चार बोटे, नखांसकट. सगळ्या जगाला ढकल म्हणून सांगणाऱ्याने ओढले होते. ताईने तोंडातून ब्र काढला नाही. कव्हर उसवले, चुलीत घातले, आणि घरातला तो वास जाईपर्यंत खिडक्या उघड्या ठेवल्या.

लेक क्लबात जायला लागली तेव्हा ताईने एकच अट घातली होती. ज्या दिवशी ओढशील, त्या दिवशी बंद. लेकीने तिच्या गळ्याला हात लावून कबूल केले होते. आता पुरावा टेबलावर पडला होता. उद्या सकाळी सरांकडे जायचे, हे दाखवायचे, नाव कमी करा म्हणायचे. सर ऐकतील, भावानंतर सर तिचा कोणताही शब्द खाली पडू देत नसत. तिला एकदम हलके वाटले. इतकी वर्षे टांगणीला लागलेला जीव कुणीतरी खाली उतरवून ठेवला. पोरगी मरता मरता वाचली आणि आपल्याला बरे वाटते आहे, याची तिला लाजही वाटली, पण बरे वाटायचे थांबले नाही.

मग उरकून टाकावे म्हणून तिने उजवे हँडल घेतले.

त्याचे डावे शिंग कोरे होते, तिने दिले तसे. उजव्या शिंगावर, बसणाऱ्याच्या बाजूने, तळव्याचा ठसा होता. बोटांचा नव्हे, तळव्याचा. अंगठ्याखालचा फुगीर भाग चामड्यात रुतला होता, मनगटापाशी तर शिंगाचे लोखंड जाणवत होते. ढकलणाऱ्याचा हात. मागच्या अंगाला काही नव्हते. ठशाच्या वर, शिलाईला लागून, नखाची एक लांब कोर उमटली होती.

ताईने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. शिलाई झाली की टाके दाबून बसवावे लागतात. ती हाडाच्या पट्टीने दाबते. धाकट्याने त्यासाठी उजव्या अंगठ्याचे नख वाढवले होते. काप ते, चेटकिणीसारखं दिसतं, असे ती म्हणायची, आणि तो म्हणायचा, पट्टी हरवते, नख हरवत नाही.

तिने आपला तळवा त्या ठशात ठेवला. चारी बाजूंनी जागा उरली. आणि बाकीचे चामडे एव्हाना सुकत आले होते, तरी तेवढा भाग अजून ओला होता. गारही होता, पाण्यातून नुकताच काढलेला असावा तसा. तिने हात काढला, गोणपाट ओढून हँडल झाकले आणि खुर्ची जरा मागे घेतली. टेबलाच्या पलीकडे त्याचे स्टूल होते. त्यावर ती दोऱ्याची रिळे ठेवत असे. तिकडे तिने बघितले नाही.

“आई.”

लेक दारात उभी होती. काल रात्रीचेच कपडे अंगावर, केस विंचरलेले नाहीत. रात्री ती खोलीत दिवा लावूनच झोपली होती, हे ताईला आता आठवले.

“मेकॅनिककाका येऊन गेले?”

“गेले.”

लेक आत आली. डावे हँडल उघडेच पडले होते. तिने त्याकडे पाहिले, आणि आईने ते वाचले आहे हे तिला कळले.

“मी ओढलं,” ती म्हणाली.

“दिसलं मला.”

“सरांनी शाबासकी दिली, मी ती घेतली. काय सांगणार होते? पण मी नाही ढकललं, आई. मी दोन्ही हातांनी ओढत होते आणि ते पुढे जात होतं. माझ्या छातीपासून दूर दूर जात होतं. एवढा जोर होता त्यात की माझी बोटं सुटत होती.” तिने हात मांड्यांखाली दाबून धरले. “मला वाटलं, शेजारी कुणीतरी बसलंय आणि मला मारतंय.”

“मग?”

“मग जमीन एवढी जवळ आली, वेग आला, आणि हँडल एकदम हलकं झालं. कुणी हात काढून घ्यावा तसं. मी उतरले कशी ते मला आठवत नाही.” “मी आता जाणार नाही. आज सांगून येते. तुला तेच हवं होतं ना, ते होतंय. मामाचं नाव काढू नकोस फक्त.”

हवे होते ते आयते पदरात पडत होते. काही करायचे नव्हते, सरांकडे जायचे नव्हते, लेकीशी भांडायचे नव्हते. फक्त गप्प बसायचे होते, आणि गप्प बसण्यात ताईचा हात कुणी धरू शकत नसे. पोरगी जमिनीवर राहील. म्हातारी होईल. आणि जन्मभर तिला वाटेल की त्या सीटवर तिच्या जिवावर उठलेले काहीतरी बसले होते.

बाहेर रस्त्यावरून एक सायकल गेली. ताईने गोणपाट बाजूला केले.

“इकडे ये. याला हात लाव.”

लेकीने हात लावला नाही. ठशाच्या वर बोटभर अंतरावर धरला, आणि तसाच ठेवला.

“हे कोणी केलं?”

“गळायला लागलं की काय करायचं असतं?” ताईने विचारले.

“ढकलायचं.”

“कुणी शिकवलं?”

लेकीची नजर पलीकडच्या स्टुलाकडे गेली.

“त्याने स्वतः ओढलं होतं,” ताई म्हणाली. एवढी वर्षे गिळलेले वाक्य अगदी साध्या आवाजात बाहेर पडले. “इंजिनबिंजिन काही नाही. त्याचं हँडल माझ्याकडे आलं होतं. तुझ्यासारखेच ठसे. ऐन वेळी भ्याला आणि ओढलं. मी कुणाला सांगितलं नाही.”

“मामाने?”

“हो. आणि काल कुणीतरी ओढू दिलं नाही तुला.”

लेकीने हात मागे घेतला. नखाची कोर तिला दिसली असावी, कारण तिने नकळत स्वतःच्या अंगठ्याकडे पाहिले. मग खाली बसली, टेबलाच्या अलीकडच्या बाजूला, जमिनीवरच. ती रडत होती की नाही ते ताईला वरून कळत नव्हते. ताईने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तसाच राहू दिला. तिला स्वतःलाही भीती वाटत होती. नाही असे नाही. पण भावाची भीती वाटून घ्यायची म्हणजे किती, असेही वाटत होते.

“एक सांगू?” लेक खालूनच म्हणाली. “एकटं उडताना शेजारच्या सीटचा पट्टा लावावा लागतो. रिकाम्या सीटचा. नाहीतर तो लोंबतो आणि हँडलात अडकतो. मी लावला होता. ओढून बघितला होता, दोनदा.”

“बरं.”

“इंजिन बंद केलं, दार उघडलं, बघते तर सुटलेला. नीट सोडून सीटवर ठेवलेला. माणूस उतरताना ठेवतो तसा. काकांनीही बघितलं. आम्ही एकमेकांशी काही बोललो नाही.”

ताईने रिळांच्या स्टुलाकडे पाहिले. मग उठली, एकेक रीळ उचलून खिडकीत रचले, आणि स्टूल रिकामे केले. परत येऊन तिने पाते घेतले आणि डाव्या हँडलवरचे फाटके कव्हर सोलायला सुरुवात केली.

“हे दोन दिवस वाळू देणार मी आता. कुणी कितीही घाई केली तरी,” ती म्हणाली.

“आणि उजवं?”

“त्याला काय झालंय? टाकासुद्धा हललेला नाही.”

“वाळलं की ठसा तसाच राहील, आई.”

“राहू दे.”

लेक उठून उभी राहिली. कपड्यांची धूळ झटकली, सुईत दोरा ओवून आईपुढे धरला, लहानपणी धरायची तसा. ताईने सुई घेतली, दोऱ्याला मेण लावले, आणि चामड्याचा नवा तुकडा पाण्यात बुडवताना मान वर न करता म्हणाली,

“पुढच्या वेळी तो पट्टा जरा सैल लाव. त्याला पोट होतं.”