उन्हाची सुट्टी

बाबा गेल्यावर क्लबची खुर्ची आमच्या घरी आली. म्हणजे खरी खुर्ची नव्हे. ती मैदानाच्या कडेच्या खोलीत आहे आणि तिचा एक हात सैल आहे. पण अध्यक्ष गेला की पुढच्या निवडणुकीपर्यंत त्याच्या घरातल्या कुणीतरी त्याच्या जागी बसायचं, असा आमच्या क्लबचा रिवाज. आईने आधीच हात झटकले. "मला बॅटची कुठली बाजू पुढे ते अजून कळत नाही," ती म्हणाली. मग उरले मी.

चिटणीस घरी आले. ते दातांचे डॉक्टर. बोलताना समोरच्याच्या डोळ्यांकडे न बघता तोंडाकडे बघतात.

"ताई, विषय एकच आहे. पिच फिरवायचं. अर्धे म्हणतात फिरवा, अर्धे म्हणतात हात लावू नका. घोडं अडलंय तुमच्या मतावर."

"आताच का?"

"लीगवाले म्हणतात, संध्याकाळी मध्येच खेळ थांबतो असं मैदान नको. पोरं दुसऱ्या क्लबांत चाललीत. असंच राहिलं तर काही वर्षांनी आपण फक्त चहा प्यायला जमू."

"विचार करते," मी म्हणाले. पण मनात 'नाही' ठरलेलं होतं. बाबांचं म्हणून फार थोडं उरलं होतं. चपला आईने कुणाला तरी देऊनही टाकल्या होत्या. त्यांनी आखलेली पिचची ती पट्टी तरी जागेवर राहावी, एवढंच मला हवं होतं.

आमचा क्लब छापखान्यातल्या माणसांनी काढला. सकाळच्या वर्तमानपत्राचा छापखाना. दुपार कलली की कामाला लागायचं आणि उजाडायच्या आत घरी येऊन झोपायचं. बाबा तिथे जुळारी होते. शिशाच्या खिळ्यांच्या उलट्या ओळी वाचून वाचून त्यांना समोरच्याच्या हातातला पेपर उलटा वाचता यायचा, आणि त्याच्याआधी बातमी सांगून ते त्याचा विरस करायचे. वखारीमागचं रान या लोकांनी साफ केलं ते उशिरा उठून, पाळी सुरू व्हायच्या आत. पट्टी आखली तीही भर दुपारी, वखारीच्या भिंतीला धरून. दोरीचं एक टोक बाबांच्या हातात, दुसरं गोंदकाकांच्या. गोंदकाका यष्टिरक्षक, चेंडू ग्लोव्हजला चिकटायचा म्हणून ते नाव. आता त्यांच्या हातून चहाचा कपही सुटतो.

पट्टी झाली पूर्व-पश्चिम. आखणाऱ्यांपैकी एकानेही त्या मैदानावर संध्याकाळ पाहिली नव्हती. ती दिसली छापखान्याच्या वार्षिक सुट्टीला, पहिल्याच सामन्यात. सूर्य थेट बॉलरच्या डोक्यामागे येऊन बसला, आणि पाहुण्या संघाचा कप्तान बॅट टाकून म्हणाला, "मी क्रिकेट खेळायला आलोय, आंधळी कोशिंबीर नाही."

सगळे खाली बसले. कुणीतरी चहा आणला. सूर्य टेकडीआड गेला आणि खेळ पुढे सुरू झाला. मग दर सामन्याला तेच होऊ लागलं. त्याला नाव पडलं, उन्हाची सुट्टी.

माझं लहानपण त्या सुट्टीत गेलं. दोन्ही संघ एकाच सतरंजीवर बसायचे. घटकाभरापूर्वी एकमेकांच्या अंगावर धावून गेलेली माणसं एकाच किटलीतून चहा घ्यायची, कुणाच्या मुलाची शाळा, कुणाच्या सासऱ्याचं ऑपरेशन, सगळं तिथे निघायचं. मी पॅडची उशी करून पुस्तक वाचत पडायचे. पॅडला घामाचा आणि चेचलेल्या गवताचा वास असायचा. अजूनही कुठे नुकतं कापलेलं गवत असलं की मला वाटतं, आता चहा येईल.

सुट्टी जाहीर करायची बाबांनी. "दोरी मी धरली होती," एवढंच ते म्हणत. फलंदाजाची बॅट घेऊन, पॅड न बांधता, ते स्टंपांपुढे उभे राहायचे आणि बॉलरला सांगायचे, "टाक." एकच चेंडू. दिसला तर खेळ, नाही दिसला तर चहा. बाबा बॅट फिरवायचे, माणसं हसायची, बाबांचा हात वर जायचा. केस पिकले, काठी आली, तरी ते काठी पंचांकडे देऊन उभे राहायचे. लांबून मला ते फार सुंदर दिसायचं.

बैठकीच्या आदल्या दिवशी सामना होता. मी बाबांच्या बाकावर बसले होते, शेजारी गोंदकाका.

"ऊन आलं," ते म्हणाले. "ऊठ."

"कुठे?"

"खुर्ची तुझ्याकडे आहे ना? मग बॅटही तूच धरायची."

"काका, मी जन्मात बॅट धरली नाहीये."

"तुझ्या बापाने तरी धरलीय असं त्याच्याकडे बघून कधी वाटलं? चल."

फलंदाजाने बॅट हातात दिली आणि म्हणाला, "मावशी, हँडल वर." बॉलर लांबून ओरडला, "हळूच टाकतो!" मी समोर पाहिलं. समोर काहीच नव्हतं. बॉलर नाही, टेकडी नाही, मैदान नाही. नुसता पांढरा उजेड आणि त्यातून येणारी पावलं. मग नडगीवर काहीतरी आदळलं. माझा हात वर गेला तो खूण करायला नव्हे, तोल सावरायला. सगळे हसले आणि चहाकडे पळाले.

घरी आई न विचारता मलम घेऊन आली. "नडगीवर ना?"

"तुला कसं कळलं?"

"त्यांना तिथेच लागायचं. कधी बरगडीत."

"ते तर म्हणायचे, कॉटची कड लागली."

"आपल्या घरात कॉट केवढी, आणि तिला कडा किती?" ती मलम चोळत राहिली. "मी म्हटलं होतं, दुसऱ्या कुणाला तरी उभं करा. तर म्हणाले, वाकडं मी आखलं, मार दुसऱ्याने का खायचा?"

"मग फिरवली का नाही?"

"यांच्या मनात होतं गं. पण गोंदभावजी म्हणायचे, चुकली तरी आपली आहे, राहू दे. त्यांचं मन मोडवेना यांना."

दुसऱ्या दिवशी बैठकीत मी म्हणाले, "फिरवा." चिटणीसांनी पहिल्यांदाच माझ्या डोळ्यांकडे पाहिलं. गोंदकाका उठून दारापर्यंत गेले आणि वळले.

"बापाच्या पट्टीवर नांगर फिरवलास."

"हो, काका." मी पाय थोडा पुढे घेतला. नडगी काळीनिळी झाली होती. त्यांची नजर तिच्यावर गेली आणि तिथेच राहिली.

"असं लागायचं त्याला?" त्यांनी विचारलं.

मी मान डोलावली.

"बोलला नाही कधी गाढव." त्यांनी चष्मा काढून पुसला. "आखणी संध्याकाळी करायची. दुपारी एकाने जरी पाऊल टाकलं तर तंगडं मोडीन."

आखणीला सगळे संध्याकाळीच आले. दोरीचं एक टोक गोंदकाकांनी घेतलं, दुसरं माझ्या हातात दिलं. त्यांच्या हातून ते दोनदा सुटलं. कुणी हसलं नाही. ऊन आता माझ्या गालावर येत होतं, कडेने.

"ताण!" ते त्या टोकाहून ओरडले. मग थोडं थांबून, "मी दिसतोय का गं?"

"दिसताय," मी म्हणाले.